आजोबांचा धोटा आणि आजीच्या कांड्या

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी हातमाग आणि घराण्याचा वारसा या विषयावरील तीन पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात विचारलेला प्रश्न मुंबईतील कितीतरी घरांचा आहे.

प्रश्न : आमचे मूळ गाव येवला आणि आम्ही साळी, म्हणजे विणकर. आजोबा 1950 नंतर मुंबईला आले आणि लालबागजवळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, लागले. 1982च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गेल्या वर्षी आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी केली, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत एक लाकडी धोटा (कापडातला आडवा धागा इकडून तिकडे नेणारा), एक फणी (तो धागा ठोकून बसवणारी) आणि सुताने अर्ध्या भरलेल्या, धोट्यात बसवायच्या चार कांड्या सापडल्या. मी नोकरी करते आणि दोन खोल्यांच्या घरात राहते. स्वतः विणायला शिकून आजी-आजोबांच्या आठवणीसाठी एखादे वस्त्र करावे, असे मनात आहे. आत्या म्हणते, "ज्या कामाने दादांची कंबर मोडली आणि छाती पोखरली, त्याचे कौतुक कशाला?" चुलतभावाचे म्हणणे असे की आजोबा यंत्रावर काम करीत होते, त्यांचा हातमागाशी काय संबंध; पेटीतल्या वस्तू काचेच्या चौकटीत लावून भिंतीवर टांगाव्यात. मी काय करावे? — एक वाचक, कांदिवली

उत्तर : तुमच्या आत्यांचे म्हणणे आधी घेते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत जाणते वाक्य त्यांचे आहे. घराण्याच्या कलेविषयी बोलताना आपण बहुधा मोर, कमळ आणि जरीचे काठ यांच्याविषयी बोलतो, आणि ते विणणाऱ्या माणसाच्या पाठीविषयी व छातीविषयी बोलायचे राहून जाते. आत्यांनी आपल्या वडिलांना पाळी संपवून घरी येताना पाहिले आहे. त्यांची आठवण बाजूला सारून केलेला सन्मान अपुरा राहील, म्हणून त्यांची समजूत घालण्यापेक्षा त्यांच्यापासूनच कामाला सुरुवात करावी, असे मी सुचवते.

पेटीतला धोटा घेऊन त्यांच्याजवळ बसा. तो जड असेल, दोन्ही टोकांना धातूच्या अणकुचीदार टोप्या असतील आणि तळाला चाके नसतील, तर तो बहुधा गिरणीतल्या साच्यावरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, आहे. तळाला लहान चाके असतील, तर तो झटक्याची दोरी ओढून चालवायच्या हातमागावरचा असावा. आणि हलका, लहान, धातूची टोके नसलेला असेल, तर तो हाताने फेकायचा, म्हणजे गावाकडच्या घरातल्या खड्डामागावरचा (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावरचा) असण्याचा संभव अधिक. पहिली शक्यता खरी निघाली, तर धोट्याच्या कडेला, एका टोकाजवळ, एक बारीक भोक दिसते का ते पाहा. जुन्या पद्धतीच्या धोट्यात नवी कांडी बसवली की विणणारा त्या भोकाला ओठ लावून श्वासाने सुताचे टोक बाहेर ओढून घेई. एका पाळीत हे कितीतरी वेळा करावे लागे. श्वासाबरोबर कापसाचे तंतू आणि धूळ छातीत जाई, शिवाय तोच धोटा पुढच्या पाळीचा कामगार तोंडाला लावी, त्यामुळे क्षयासारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा धोका कायम राही. आत्या जे म्हणतात त्याची खूण कदाचित त्या लाकडावरच सापडेल.

त्याच भोकाशी मुंबईच्या इतिहासातील एक अन्यायही जोडलेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. साळखात्यात मजुरी तुलनेने चांगली मिळे. परंतु एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याला वापरावा लागत असल्यामुळे, विटाळाचे कारण पुढे करून दलित कामगारांना या खात्यात घेतले जात नसे, आणि त्यांना कमी मजुरीच्या सूतकताईच्या खात्यांत राहावे लागे. 1928च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. तुमचे आजोबा त्यानंतर वीसेक वर्षांनी मुंबईत आले, आणि पेटीतला धोटा नेमका कोणत्या मागावरचा हे अजून ठरायचे आहे. तरीही ज्या खात्यात त्यांनी आयुष्य घालवले त्या खात्याचा हा इतिहास आहे. वारसा स्वीकारताना त्यातला आपल्याला रुचेल तेवढाच भाग उचलता येत नाही, म्हणून हाही भाग तुमच्या घरात सांगितला जावा.

आता तुमच्या भावाचा आक्षेप. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केली, आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकण-घाटावरच्या शेतकऱ्यांप्रमाणेच हातमागावर वाढलेली माणसेही या शहरात आली. त्यांत आपल्याकडचे साळी आणि कोष्टी होते, तेलंगणातून आलेले पद्मसाळी होते, उत्तरेकडचे मोमीन होते. गावात गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमाग टिकेना, तेव्हा त्याच गिरणीत कामाला येण्यावाचून कित्येकांना गत्यंतर उरले नाही. यंत्राने धोटा फेकण्याचे आणि फणी ठोकण्याचे श्रम घेतले. तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, क्षणात ओळखणे, तो फणीच्या नेमक्या घरातून पुन्हा ओवणे, कापडात पडू पाहणारा दोष हातभर पसरण्याआधी थांबवणे, हे काम माणसाकडेच राहिले. जो साळ्याच्या घरात लहानपणापासून ताण्याच्या धाग्यांखालून रांगला होता, त्याला हे शिकवावे लागले नसेल. तेव्हा तुमचे आजोबा विणकर होते, हे निःसंकोच सांगा. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील बहुसंख्यांचे काम कायमचे गेले. तुमच्या घरातील विणकाम तेथे थांबले, ते कोणी सोडून दिले म्हणून नव्हे.

मला मात्र धोट्यापेक्षा त्या चार कांड्यांविषयी अधिक लिहायचे आहे. गिरणीत कांड्या भरण्याचे खाते वेगळे असे. घरच्या मागावर मात्र हे काम बायका आणि मुले करीत. लडीतले सूत फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या फिरत्या चौकटीवर) घ्यायचे, रहाटावर कांडी फिरवायची, आणि सूत ना सैल ना घट्ट अशा एकाच ताणाने भरायचे. कांडी सैल भरली गेली, तर ती धोट्यात उलगडताना गुंता होतो आणि विणणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. उन्हे चढण्याआधी ताणा गल्लीत लांब पसरून त्याला खळ लावण्याच्या पांजणीच्या कामातही घरातल्या सगळ्यांचे हात लागत. असे असूनही कापड विणले कोणी, असे विचारले की नाव मागावर बसणाऱ्याचे घेतले जाई. 2019-20च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे 35 लाख 22 हजार हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक होते. त्या कांड्या तुमच्या आजींनी भरलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. आत्यांना विचारा, लहानपणी त्याही रहाटावर बसल्या असतील, तर त्यांच्या बोटांना ते काम अजून आठवत असेल, आणि तुमची पहिली शिक्षिका तुम्हाला घरातच मिळेल.

म्हणून काचेच्या चौकटीची मला घाई वाटत नाही. धोटा जपून ठेवावा, परंतु भिंतीवर गेलेल्या वस्तूला घरातले कोणी पुन्हा हात लावत नाही, असा माझा अनुभव आहे. तुम्ही विणायला शिका. दोन खोल्यांत खड्डामाग बसवता येणार नाही, पण टेबलावर ठेवता येईल असा 40 सेंटिमीटर रुंदीचा लाकडी माग पलंगाखाली मावतो. त्यात फणीच ताण्याचे धागे वर-खाली करते, त्यामुळे पायांनी दाबायच्या पावड्या लागत नाहीत. शिकण्यासाठी एक चौकशी अवश्य करावी. हातमाग व हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी झटलेल्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने 1950च्या दशकात सुरू झालेल्या विणकर सेवा केंद्रांपैकी एक ऑपेरा हाउस परिसरात आहे. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी या केंद्रांत अनेक वर्षे काम केले होते. केंद्राचे काम मुख्यतः व्यवसायातील विणकरांसाठी चालते, तेव्हा आधी दूरध्वनी करून जावे. याखेरीज मनमाडपर्यंत रेल्वेने आणि पुढे तासाभरात येवल्याला जाऊन, एखाद्या मागाशेजारी दोन दिवस नुसते बसावे. हातांची लय पुस्तकातून कळत नाही.

पहिले वस्त्र साधे असू द्या. पैठणीचा मोर मनात असला तरी तो काही वर्षांनी. मी शिकू लागले तेव्हा पहिले तीन आठवडे ताण्याचे सगळे धागे सारख्या ताणावर आणण्यातच गेले होते, आणि त्या तीन आठवड्यांत मला विणकराच्या संयमाविषयी जे समजले ते त्याआधीच्या वाचनातून समजले नव्हते. 40 सेंटिमीटर रुंदीच्या मागावर एका सेंटिमीटरला 5 धागे धरले, तर ताण्याला 200 धागे लागतील. मागाला बांधण्यात आणि शेवटी वाया जाणारा भाग धरून प्रत्येक धागा 2 मीटर घ्यावा, म्हणजे ताण्याचे सूत 400 मीटर होते. दीड मीटर कापडासाठी बाणा, म्हणजे आडवा धागा, 750 वेळा जाईल आणि त्याला सव्वातीनशे मीटरांच्या आसपास सूत लागेल. म्हणजे खांद्यावर घ्यायच्या एका अरुंद उपरण्यात पाऊण किलोमीटरच्या जवळपास सूत आहे, आणि त्यातला प्रत्येक वेत तुमच्या हातांखालून जाणार आहे. सूत घेताना त्याचा नंबर विचारा. 840 वारांच्या जितक्या लड्या एका पौंडात बसतात तो सुताचा नंबर, त्यामुळे नंबर वाढतो तसे सूत बारीक होते. तुमच्या आजोबांना हे पाढ्यांसारखे पाठ असणार. नवशिक्याने जाड, पिळाचे दुहेरी सूत घ्यावे. पावसाळ्याची भीती बाळगू नका; सुती धागा दमट हवेत अधिक बळकट राहतो आणि कमी तुटतो.

राहिली पेटीतली सामग्री. फणी जुनी असल्यामुळे तिच्या काड्या किंवा तारा गंजलेल्या वा कुजलेल्या असतील आणि नव्या ताण्याला कापतील, म्हणून ती वापरू नये. कांड्यांवरचे सूत मात्र वापरा, असे मी आग्रहाने सांगते. दोन बोटांत धरून हलकेच ताणून पाहा. तुटत नसेल तर ते बाण्यात घाला. ताण्यात घालू नका, कारण ताण्याच्या धाग्याला सतत ओढ सोसावी लागते आणि इतक्या वर्षांचे सूत ती सोसणार नाही. बाण्यावर तेवढा ताण येत नाही. उपरण्याच्या दोन्ही टोकांना त्या सुताची एकेक बोटभर पट्टी येऊ द्या. एक कांडी आजींनी भरून ठेवली तशीच राहू द्यावी. आणि विणताना एक वही जवळ ठेवून आत्यांच्या तोंडचे शब्द उतरवून घ्या. धोटा, कांडी, फणी, फाळका, खळ, पांजणी, साचा, साळखाते हे शब्द तुमच्या घरात दोन पिढ्या रोज बोलले गेले, आणि आज ते एकट्या आत्यांपाशी उरले असतील. उपरणे पुरे झाल्यावर ते कोणाच्या खांद्यावर आधी घालायचे, हे तुम्हाला सांगावे लागेल असे वाटत नाही.

प्रश्न : माझ्या आईची 1962 सालची येवल्याची पैठणी माझ्याकडे आहे. घड्यांच्या रेषांवर रेशीम विरले आहे आणि जर काळी पडली आहे. नातीला तिच्या लग्नात या साडीचा घागरा शिवून घ्यायचा आहे. दारावर जुन्या जरीच्या साड्या घेणारे गृहस्थ येतात, त्यांनी बरी रक्कम सांगितली. मुलगा म्हणतो, देऊन टाक. — एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर : त्या गृहस्थांना कृपा करून साडी देऊ नका. अशा साड्या बहुतेक वेळा जाळून त्यांतली चांदी काढून घेतली जाते, आणि तुमच्या आईच्या पदराचे मोल त्या चांदीच्या वजनात मावणारे नाही. जरीची तार काळी पडली याचा अर्थ तिच्यात बहुधा चांदी आहे आणि हवेतल्या गंधकामुळे तिच्यावर थर चढला आहे. लिंबू, चिंच, दातांची पेस्ट किंवा चांदीची पावडर यांपैकी काहीही तिला लावू नये. काळेपण तसेच राहू द्यावे. घासल्याने वरचा सोन्याचा मुलामा निघून जातो आणि आतल्या धाग्याला इजा होते.

पदर उलटा करून नीट पाहा. हाताने विणलेल्या पैठणीत पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचे रेशीम वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे लहानशा कांडीवर, घेऊन, ते त्या त्या पाकळीपुरते किंवा मोराच्या गळ्यापुरतेच ताण्यातून नेलेले असते. शेजारच्या रंगाशी आले की दोन धागे एकमेकांत अडकवून प्रत्येकाला आपापल्या जागी परत फिरवतात, त्यामुळे मागे लोंबणारे धागे राहत नाहीत. एका आडव्या ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या फिरतात. भरगच्च पदराला महिने लागतात ते यामुळे.

घागऱ्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ भावनेपोटी नाही. घड्यांवर विरलेले रेशीम शिवणीचा आणि चुण्यांचा ओढा सहन करणार नाही. घागरा लग्नाच्या दिवशीच फाटेल आणि मग साडीही गेली, घागराही गेला. परंतु नातीची इच्छा मोडू नये. पदर घट्ट असेल तर जाणत्या हाताकडून तो अंगापासून सोडवून घ्यावा, मागे धुऊन मऊ केलेल्या मलमलीचा आधार द्यावा आणि नव्या रेशमी शेल्याच्या टोकाला बारीक टाक्यांनी जोडावा. अंतरपाट धरला जाईल तेव्हा तो शेला तिच्या खांद्यावर असेल. मूळ साडीचा उरलेला भाग फेकू नका. काठ चांगले असतील तर ते पुढच्या कोणाला उपयोगी पडतील.

जपणुकीविषयी थोडेसे. प्लास्टिकच्या पिशवीत साडी ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत आतला ओलावा अडकतो आणि बुरशी येते. खळ नसलेल्या मलमलीत ठेवावी, कारण खळीच्या वासावर कसर येते. शक्य असल्यास घडी न घालता मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळावी, आणि घडीच घालायची असेल तर दर तीन महिन्यांनी घडीच्या रेषा बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. पावसाळा संपला की एक दिवस सावलीत वारा द्यावा, उन्हात घालू नये.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला जाणार आहोत. तेथे भावात घासाघीस करावी का? आणि खरी हातमागाची कशी ओळखावी? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : पदर पारखण्याची रीत वरच्या उत्तरात आलीच आहे. सिल्क मार्कची खूण रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, साडी हाताने विणल्याचे नव्हे. त्यासाठी हातमागाची खूण वेगळी असते, आणि पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. विणकराच्या घरी भावाची घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंदाजपत्रक कमी असेल तर साध्या पदराची, कमी नक्षीची साडी मागावी. श्रम कमी लागतात म्हणून तिचा भावही कमी असतो, आणि त्यात कोणाचेच नुकसान होत नाही.

साडी घेताना ती कोणी विणली, किती दिवस लागले आणि तिच्या कांड्या कोणी भरल्या, हे विचारून घ्या आणि त्यांच्या परवानगीने ती नावे एका कागदावर लिहून साडीबरोबर ठेवा. कागद शाईने लिहू नका, ओलाव्याने शाई कापडात उतरते. शिसपेन्सिलीने लिहून, जरीला लागणार नाही अशा बेताने, मलमलीच्या वेगळ्या लहान पिशवीत घालून ठेवावा.